परत घराक हाड

लाइट गेली आहे, इन्व्हर्टरवर हा एवढाच दिवा चालतो. बसा. सत्यवती, माझी बायको, आत पडून आहे, म्हणून आवाज जरा बारीक ठेवतो. तोंडवलीच्या घराचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर त्या घराचं नाव मी तोंडातून काढत नाही.

त्या दिवशी आम्ही दोघं तोंडवलीला चाव्या द्यायला निघालो होतो. व्यवहाराचं सगळं उरकलं होतं. रिक्षात सत्यवती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि मी मनात म्हणत होतो, सुटलो एकदाचे.

घर काही वाडवडिलांचं नव्हे. जागा वडिलांची, घर माझं. मालवण डेपोत ड्रायव्हरकी करता करता एकेक चिरा जमवून बांधलेलं. पडवीत बसलं की माडांमधून समुद्र दिसायचा. ते मी हौसेने विकायला काढलं नाही. सत्यवतीच्या किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस, तेही कुडाळला. जाताना ती निदान बसून जायची, येताना मागच्या सीटवर आडवी. वळणावळणाच्या रस्त्याने तिला इतक्या ओकाऱ्या व्हायच्या की एक दिवस ही रस्त्यातच जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. इस्पितळाजवळ ही खोली मिळत होती. तोंडवलीचं विकलं तरच घेता येणार होती.

आणि मग सुरू झाले घर बघणारे. एकीने नाकाला रुमाल लावला, कारण अंगणात सुकट वाळत होती. यांना समुद्रकिनाऱ्यावर घर हवं, पण मासळीचा वास नको. एकाने मोबाइलवर दिशा बघितल्या आणि माझा संडास चुकीच्या कोपऱ्यात आहे म्हणून मलाच झापलं. एकजण तीन वेळा आला, तिन्ही वेळा जेवला आणि तिन्ही वेळा घरी विचारून सांगतो म्हणून गेला, तो अजून विचारतोच आहे. सातबाऱ्यावर नाव असलेला माझा चुलतभाऊ मुंबईहून सहीला येईना. त्याची मनधरणी करता करता माझी जीभ झिजली. पण खरी आग लागली ती एजंटच्या बोलण्याने. तो गिऱ्हाइकाला कुजबुजत सांगत होता, बाई आजारी आहे, थोडं थांबा, म्हातारा आपोआप खाली येईल. सत्यवती दाराआड उभी होती. तिने ऐकलं, आणि त्याला आतून चहा पाठवला. तिच्या जागी मी असतो तर कप त्याच्या डोक्यात घातला असता.

शेवटी पुण्याचा अनिश नावाचा पोरगेलासा माणूस तयार झाला. त्याला होम-स्टे काढायचा होता. त्यानेही जीव खाल्ला, अगदी माझा वाटणाचा दगडी रगडासुद्धा सोडला नाही, पाहुण्यांना दाखवायला हवा म्हणाला. पण खरेदीखत झालं. मी त्याचे उपकार मानले, आपलंच घर देऊन.

चाव्या देण्याआधी एक काम राहिलं होतं. आमच्या आवाठात, म्हणजे घराभोवतीच्या जागेत, सुरंगीच्या झाडाखाली राखणदाराचा पाषाण आहे. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, ही आमची रीत. घर दुसऱ्याच्या हातात जातं तेव्हाही त्याला सांगावं लागतं, आम्हाला मोकळं कर, आता नव्या धन्याला सांभाळ. न सांगता कोणी जात नाही. गाऱ्हाणं घालायला माझा चुलता गंगाराम आला. वाडीत दुसऱ्या कोणाला ते येत नाही. त्याने एकेक वाक्य म्हणायचं आणि उभ्या असलेल्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. उभे कोण, तर मी आणि सत्यवती.

उन्हं कलली होती. वारा पडला होता. सुरंगीचा वास इतका दाट झाला होता की सत्यवतीने पदर तोंडाला लावला. मागे घर बंद होतं, रिकामं, खिडक्यांचे पडदेसुद्धा काढलेले. गंगारामकाकाने डोळे मिटले आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो गुरुदास तुका नारळ देताहा, तो मान्य करून घे.”

“होय म्हाराजा.”

“काय चुकला-माकला आसात तर पदरात घे.”

“होय म्हाराजा.”

आणि पुढचं वाक्य त्याने सवयीने म्हटलं. इतकी वर्षं मुंबईच्या चाकरमान्यांसाठी तो तेच म्हणत आला होता.

“ह्या घरातली जी माणसां भायर पडली आसत, तेंका सांभाळ, आणि परत घराक हाड, म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” आम्हीही म्हणून बसलो. सवय आमचीही तीच.

तेवढ्यात पाठीमागून आलं, “होय म्हाराजा…” बंद घरातून. एका माणसाचा आवाज नव्हे. पडवी भरून माणसं उभी असावीत तसा.

सत्यवतीने माझा दंड धरला. मी म्हटलं, रिकामं घर आहे, आवाज घुमतो. गंगारामकाकाचा चेहरा मात्र पार उतरला होता. बाहेर पडलेल्यांना परत घरी आण, असं आपण मागून बसलो, हे त्याला आता कळलं. मी त्याला म्हटलं, परत घाला, नीट घाला. तो मान हलवत राहिला.

“एकदा मागलेला परत घेऊक येणा नाय, गुरुदासा…”

तरी माझ्यासाठी त्याने पुन्हा हात जोडले. ह्या दोघांका आता मोकळा कर, नव्या धन्याक सांभाळ. आम्ही दोघांनी होय म्हाराजा म्हटलं, मी तर जरा ओरडूनच म्हटलं. आणि कान देऊन उभा राहिलो. आता काहीच घुमलं नाही. घर तेच, आवाज तोच, पण आतून काही म्हणजे काही आलं नाही.

अनिश आला, त्याच्या हातात चाव्या दिल्या. निघताना सत्यवती रिक्षात बसली आणि म्हणाली, हलका हलका वाटता, माझा काय तरी ऱ्हवला. मी म्हटलं, सगळं बघून घेतलं आहे, काही राहिलं नाही.

इथे आलो आणि ती खालावतच गेली. इस्पितळ हाकेच्या अंतरावर, डॉक्टर चांगले, ओकाऱ्या बंद. तरी खालावली. हसणं तर गेलंच. हाक मारली तर लांबून कोणीतरी ओ द्यावी तशी ओ देते. ज्याच्यासाठी घर विकलं तेच हातातून निसटत होतं.

काल दिवेलागणीला अनिशचा फोन आला. वैतागलेला होता. काका, व्यवहार झाला आहे आपला, म्हणाला, विकलेल्या घरात काकूंनी असं रोज येऊन बसायचं नसतं. काकू मागच्या दारी मासे साफ करतात, सगळीकडे खवले. वर माझ्या पाहुण्यांनाच ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारतात. मी पोलिसांत जाऊ का?

सत्यवती माझ्यासमोर खाटेवर पडली होती. हाताला दुपारच्या डायलिसिसची पट्टी तशीच. मी त्याला तसं सांगितलं.

“मग ही कोण? घ्या, तुम्हीच बोला.”

तिकडे फोन हातातून हातात गेला. मागे समुद्राची गाज ऐकू येत होती, आणि विळीवर खवले काढल्याचा आवाज.

“कोण बोलता?”

सत्यवतीचाच आवाज. पण आजारपणाआधीचा. भरलेला, शेवटाला जरा हसू फुटणारा. हा आवाज मी कित्येक वर्षं ऐकला नव्हता. खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी हेवा वाटला, त्या अनिशचा. घराने धडधाकट होती ती ठेवून घेतली होती आणि उरलेली माझ्याबरोबर रिक्षात बसवून दिली होती.

“मी… गुरुदास,” मी म्हटलं.

ती हसली. “काय तरीच काय. ते हयच आसत, माडांका पाणी घालतत. थांबा, बोलयतंय.” मग फोन बाजूला धरून तिने हाक मारली, “ओ, आयकलास? तुमच्या नावान कोण तरी फोन करताहा.”

पडवीत वहाणा वाजल्या. बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. कोणीतरी घसा खाकरला, मी खाकरतो तसाच, आणि माझ्याच आवाजात, पण ठणठणीत, विचारलं, “कोण?”

मी खाटेवरच्या सत्यवतीचा हात धरला. त्याने पुन्हा एकदा विचारलं, थोडा वेळ वाट बघितली, आणि मग शांतपणे फोन ठेवून दिला.