डोक्यावर हात ठेवायला कुणी सांगितलं?

"माझ्या भावाला उद्धट म्हणणारे साहेब खोटारडे आहेत!" मिसबानं जिन्यात उभं राहून जाहीर केलं.

"हळू बोल की! यादी त्यांच्याच हातात आहे," नम्रता म्हणाली.

यादी लेझीम पथकाची होती, आणि साहेब म्हणजे शाळेच्या परदेश दौऱ्याचे प्रमुख. मिसबाचा थोरला भाऊ अरफात पथकाचा म्होरक्या. गेल्या वर्षी धायरीच्या शाळेचं हे पथक थायलंडला बालमहोत्सवात गेलं, आणि अरफात असभ्य वागल्याची यजमानांची तक्रार आली. नेमकं काय केलं, ते तक्रारीत नव्हतं, आणि साहेबांनी अरफातला विचारलंही नाही. यंदा पुन्हा तिकडेच जायचं, तर त्यांनी त्याचं नावच खोडलं. विमान आठ दिवसांवर आलेलं, आणि अरफात घरात कुणाशी बोलत नव्हता.

"भाई, केलंस तरी काय?" मिसबानं त्याला शेवटी कोपऱ्यात गाठलंच.

"तिथल्या मुलानं हार घातला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. साहेबांनी वाटलेल्या रीतिभातीच्या पुस्तिकेत तसंच होतं!"

सुट्टी लागताच वाटलेली यंदाची पुस्तिका मिसबा, नम्रता आणि त्यांचा मित्र गंधार या तिघांनी उघडली. पान चार: 'भेटताच डोक्यावर हात ठेवून माया दाखवावी.'

"यात वाईट काय?" गंधार म्हणाला. "माझी आजी तर डोकं दिसलं की हात ठेवते!"

"तेच म्हणते मी! ही रीत थायलंडची की तुझ्या आजीची?" मिसबा म्हणाली.

नम्रताच्या इमारतीत प्लॉयताई राहायची. थायलंडहून पुण्यात शिकायला आलेली. तिनं दार उघडताच गंधारनं तिच्या डोक्याकडे हात नेला मात्र, ती झटकन मागे सरली!

"डोकं नको!" ती तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली. "आमच्याकडे डोकं पवित्र. अनोळखी माणूस हात लावतो, तर अपमान. हात जोडायचे, मान झुकवायची. बस!"

"म्हणजे साधा नमस्कार केला असता तरी भागलं असतं?" गंधारनं कपाळावर हात मारला.

मिसबा हसली नाही. "ताई, शनिवारी पालकांच्या सभेला येशील?"

शनिवारी साहेब माइकवर तावातावानं बोलत होते. "ही पुस्तिका मी स्वतः अभ्यास करून लिहिली आहे! अक्षर न् अक्षर पाळायचं. गेल्या वर्षीसारखी शोभा नको!"

शेवटच्या रांगेत मिसबाच्या अब्बांनी मान खाली घातली. शेजारी अरफात दगडासारखा बसला होता.

गंधार उठला. चेहरा असा, की जणू गरीब गाय! "साहेब, पान चार जरा करून दाखवता? पाहुणी आणलीय."

साहेब खुलले. प्लॉयताईच्या डोक्याकडे त्यांचा हात गेला. ती दोन पावलं मागे झाली आणि तिनं हात जोडले. "सर, मी थायलंडची. आमच्याकडे असं करत नाहीत."

साहेबांनी पुढे केलेला हात घाईनं मागे घेतला.

"अं... आपल्याकडे माया अशीच दाखवतात, म्हणून मला वाटलं..."

"म्हणजे विचारलं कुणालाच नाही?" नम्रता म्हणाली. "वा! चांगला अभ्यास!"

मुख्याध्यापिका सुनीतीबाई उभ्या राहिल्या. "शाब्बास पोरांनो! जे आम्ही बघायला हवं होतं, ते तुम्ही बघितलंत."

टाळ्या कडाडल्या. साहेबही घाम पुसत टाळ्या वाजवू लागले. "हुशार आहेत हो मुलं! पुढच्या खेपेला पान दुरुस्त करू."

मिसबा थेट माइकपाशी गेली.

"पान कराल हो दुरुस्त. माझ्या भावाचं काय? वर्षभर त्यानं उद्धट म्हणून ऐकून घेतलं. तुम्ही लिहिलंत तसं वागला म्हणून! त्याचं नाव यादीत आज घालताय की नाही? आणि त्याची माफी याच माइकवर मागताय की नाही? सगळे इथंच बसलेत, साहेब. उत्तर द्या!"