उलटं मंडल

एकाहत्तर-बहात्तरचं साल असेल. रिसोडला माझं छपाईचं लहानसं दुकान होतं. त्याआधी वीस वर्षं मी कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरले. ठसा उलटा कोरायचा, तेव्हा कापडावर सरळ उमटतो. मग जाळीची छपाई शिकलो. चौकटीवर ताणलेल्या रेशमी जाळीतून रबराच्या पट्टीनं रंग दाबायचा. तिच्यात जसं काढाल तसंच उमटतं.

केशरीचंदशेठची बायको हीराबाई तीन महिने तापानं अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरनं हात टेकले होते. मंदिरात पूजेला रंगीत तांदळाचं मंडल मांडतात, ते तिला एकदा पाहायचं होतं. शेठ म्हणाले, कापडावर छापून द्या. मी लाल-पिवळं मंडल छापलं. कमळाच्या पाकळ्या, सगळ्या एका अंगाला वळलेल्या. दुपारी जाऊन तिच्या खाटेसमोर टांगलं. तिची नजर पाकळ्यांवरून गोल फिरू लागली.

दुकानात येऊन चौकट उजेडात धरली, तेव्हा समजलं. हाताच्या जुन्या सवयीनं मी मंडल उलटं काढलं होतं. पाकळ्या डावीकडे फिरत होत्या. तशा उलट्या फेऱ्या आपण चितेभोवती घालतो.

सकाळी सरळ छापलेलं कापड घेऊन गेलो. खोलीत ओल्या राखेचा वास होता. हीराबाई उठून बसली होती. डाव्या हातानं भाकर खात होती.

शेठला बाजूला घेऊन मी चूक सांगितली. त्यांनी हीराबाईच्या नाकाकडे बोट दाखवलं.

"हिची चमकी डाव्या नाकात होती, लालसिंग. आता पाहा..."

चमकी उजवीकडे होती. डावीकडे टोचल्याची खूणही नव्हती.

"मग बदलू का, शेठ?"

"बदललं अन् ही गेली तं...?"

मी भ्यालो नव्हतो. चूक माझी, सुधारायची मीच. कापड काढायला हात वर केला, तेव्हा हीराबाई हळू आवाजात बोलली.

"राहू द्या, भाऊ. तिकडं लय थंडी हाये... तुमची गोजरा इचारून राह्यली, अजून दोन ताटं कायले वाढता?"

गोजरा माझी बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. रोज दार लावून मी तिचं ताट वाढायचो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी हात खाली घेतला. सरळ कापडाची घडी घालून घरी आलो. हीराबाई पुढं अकरा वर्षं जगली.

त्या सकाळी दाराशी पोचलो, तर मी लावलेलं कुलूप तसंच होतं, आणि आतून भाकर थापल्याचा आवाज येत होता.