बोटभर ग्रीस

बुधवारी सकाळी साडेदहाला, मंचरच्या कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत, एक तरुण लाल रंगाची, बसकी, दोनच सीटची गाडी ढकलत राजमहंमदच्या गॅरेजपाशी आला. श्रावणातली भुरभुर चालू होती. पावसानं की घामानं कोण जाणे, पण तो पुरता भिजला होता.

"मिस्त्री कुठायत?"

"समोर उभी हाय की!" राजमहंमदची मुलगी समरीन म्हणाली. अब्बांचा खांदा निखळल्यापासून गाड्यांखाली तीच शिरायची.

तो ओशाळून हसला. शाहनवाज, जुन्नरचा. गाडी आजोबांची, तीस वर्षांपूर्वीची. क्लच दाबला तरी गिअर पडत नव्हता.

"शुक्रवारी दुपारी पाहिजे. पुण्याला जायचंय."

"असली नटवी गाडी घेऊन? शर्यत हाय का काय?"

"मुलगी बघायला... म्हणजे, मामांनी ठरवलंय."

समरीननं पाना उचलला. "मग तर करायलाच पायजे."

गिअरबॉक्स उतरवल्यावर दुखणं सापडलं. क्लचची प्लेट शाफ्टच्या गंजलेल्या खाचांत अडकून बसली होती. गुरुवारी तो पुन्हा आला, एसटीनं. काम काहीच नव्हतं, म्हणून बॅटरीचा उजेड धरून बसला.

"उजेड शाफ्टवर धरा. माझ्या तोंडात क्लच न्हाई."

"हात हलला..."

"सकाळपासनं हलतोय तुमचा हात."

"तुमचा नाही हलत कधी?"

ती रॉकेलनं खाचा घासत राहिली. मग ग्रीसच्या डब्यात बोट बुडवलं.

शुक्रवारी गाडी सुरू झाली, गिअर अलगद पडला. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात तो स्टिअरिंगवर बसला. हात पुसायला वळलेल्या समरीनची नजर ग्रीसच्या डब्यावर गेली आणि आत बोटानं पाडलेला खोल खड्डा दिसला. एवढ्याशा शाफ्टला नखभर पुरे होतं. तिनं ट्रॅक्टरच्या सवयीनं बोटभर थापलं होतं! गाडी पळाली की ते उडून प्लेटवर बसणार. खेडच्या घाटात इंजिन नुसतंच ओरडणार, गाडी चढणार नाही. तो पुण्याला पोचणारच नाही...

गप्प राहिलं तर? कुणाला कळणार होतं?

गाडी रस्त्याला लागता लागता ती धावली. दोन्ही हात बॉनेटवर टेकून उभी राहिली.

"उतरा. माझी चूक झाली. ग्रीस जास्त झालंय, परत उघडायला पायजे."

"किती वेळ?"

"संध्याकाळ व्हईल. तुमी एसटीनं जा. आता निघालात तर येळेत पोचाल."

त्यानं इंजिन बंद केलं. "न सांगता सोडलं असतं तर?"

"घाटात अडकला असता."

"आणि तुम्हाला ते नको होतं?"

"पायजे व्हतं..." ती खाली बघत म्हणाली. "मनात तसं आलं, म्हणून तर पळत आले."

तो समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेला. काचेआड बराच वेळ हात हलवून बोलत होता. परतला तो बाह्या दुमडतच.

"मामांना सांगितलं, येत नाही. गाडीचं कारण दिलं नाही... खरं सांगितलं, मुलगी इथंच बघितली. तर विचारतात, मुलीचे वडील कोण? मी म्हटलं, राजमहंमद मिस्त्री."

समरीनचे कान तापले. "आधी मला इचारायचं!"

"विचारतोय की."

ती गाडीखाली सरकली. तिथूनच आवाज आला —

"बॅटरी घेऊन आत या. अब्बा दारातनं बघत्यात... इथं सांगते."

पांढऱ्या शर्टासकट तो गाडीखाली शिरला.