पिस्ता रंगाचे स्पीकर

"कापडसुदिक रंगवलं?" दारातच थबकून तो हसला.

मी रडकुंडीला आले होते आणि याला हसू सुचत होतं! राहात्याच्या बाजारातल्या रेडिओच्या दुकानात नव्यानेच आलेला हा गोरक्ष. शेजारच्या मुक्ताबाईंकरवी निरोप धाडला, तसा धावत आला होता.

"हसू नका हो... दिवेलागणीआधी अण्णा येतील. मला जिवंत ठेवायचे नाहीत!"

खरंच तसं वाटत होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुंबईहून हौसेने रेकॉर्ड प्लेअर आणला होता, सोबत स्पीकरच्या दोन काळ्याकुट्ट पेट्या. उद्या मला पाहायला कोपरगावचे पाहुणे यायचे होते. 'शुभकार्यात काळं नको, भिंतीसारखा पिस्ता रंग दे,' असं बजावून अण्णा साखर कारखान्यावर गेले. मी भिंतीचा उरलेला ऑइलपेंट घेतला आणि लाकडाबरोबर पुढचं कापडही रंगवलं. दोन-दोन हात! पेट्या भिंतीला शोभून दिसल्या खऱ्या, पण तबकडी लावली तर गाणारीच्या तोंडावर उशी दाबल्यासारखा आवाज.

गोरक्षने ते ताठरलेलं कापड काढून टाकलं. "आतलं समदं शाबूत हाय. नवं कापड पायजे. याच रंगाचं, पातळ."

तसलं कापड घरात एकच होतं – उद्या नेसायची वायलची साडी. मी ती आणली. त्याने पदर ओठांपाशी धरला, पलीकडे माझा तळहात धरायला लावला आणि हळूच फुंकर घातली.

"लागतीय?"

"लागतेय..."

"मग आवाजबी येईल."

माझ्या अंगावर शहारा आला. एवढ्या भीतीतही तो मला आवडला. फार आवडला.

"पर कापल्यावर उद्या काय नेसाल?"

"मला दाखवूनच घ्यायचं नाहीये," मी म्हणाले आणि कात्री चालवली.

त्याने कापलेला तुकडा पहिल्या पेटीवर ताणून बसवला. मग मान खाली घालून म्हणाला, "दुकानात लई कामं असत्यात. पर या गल्लीतला रेडिओ बिघडला, की मीच येतो."

"का बरं?"

"तुमी... ओट्यावर बसता म्हणून."

तेवढ्यात अण्णांची फटफटी वाजली. मी कात्री टाकून कुजबुजले, "मागच्या दारानं जा!"

"दुसरी पेटी ऱ्हायलीय," तो म्हणाला आणि जागचा हलला नाही.

अण्णा आत आले. पेट्यांकडे पाहिलं, मग कापलेल्या साडीकडे.

"ही उद्याची न्हवं?"

"हो... मीच कापली. अण्णा, त्या पाहुण्यांना नको म्हणून कळवा."

 अण्णांनी कापलेला पदर उचलून पाहिला. मग ते गोरक्षकडे वळले. त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थरथरत होता.

"हात का कापतुय रं तुझा?"

"भ्या वाटतंय."

"कशाचं?"

गोरक्षने एकदाच माझ्याकडे पाहिलं. "तुमी न्हाई म्हणाल, याचं."

मी डोळे मिटून घेतले. आता हात उठणार, पेटी अंगणात जाणार... पण खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बस हितं," अण्णा म्हणाले. "गाव कंचं?"

"कर्जत."

"घरी कोण कोण असतं? जमीन किती?"

हेच प्रश्न उद्या पाहुण्यांना विचारायचे म्हणून अण्णांनी चार दिवस घोकले होते. गुडघे जुळवून गोरक्ष एकेकाचं उत्तर देऊ लागला, अडखळत, घाम पुसत. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. अण्णा मागे न बघताच म्हणाले,

"मालन, पोहे टाक."