शेजारच्यांना उठवा

हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. ताई थापा मारणाऱ्यांतली नाही. उलट भुताखेतांचा विषय निघाला की हसून उठून जायची.

आता हसत नाही.

ती परदेशात योगाचा कोर्स करायला गेली होती. हिवाळा नुकताच लागला होता. दुमजली इमारत. खाली लाकडी जमिनीचा मोठा हॉल, वर शिकणाऱ्यांच्या खोल्या. तिची आणि एका काकूंची भाषा एकच, म्हणून ऑफिसने दोघींना एका खोलीत टाकलं.

काकू साठीच्या. जन्मभर शिवणकाम केलेलं. मुलगी त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांच्या कमरेची मापं घेतली गं. आता जरा माझ्या कमरेकडे बघते."

ताईला त्या आवडल्या. पण...

काकूंची झोप भारी गाढ. पहाटे अंधारात घंटा व्हायची, त्यांना पत्ताच नसायचा. रोज झोपताना बजावायच्या, "मला उठवल्याशिवाय जाऊ नकोस हं."

ताई हलवायची. त्या "उठले गं" म्हणून कूस बदलायच्या. पुन्हा हलवा. मग गुडघे चोळत बसणार, मग चष्मा शोधणार. हॉलचं दार एकदा लागलं की कोणासाठी उघडत नसे. काकूंपायी ताई दोनदा बाहेर राहिली होती. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती.

त्या दिवशी घंटा झाली. ताईने तोंड धुतलं, केस बांधले, मॅट काखेत घेतली.

काकूंच्या पलंगाकडे पाहिलं. डोक्यावरून पांघरूण.

एक दिवस राहू दे झोपलेल्या, ती मनात म्हणाली.

आणि दार अगदी हळू ओढून घेतलं... त्यांना जाग येऊ नये म्हणून.

वर्ग संपल्यावर ती नाश्त्याला बोलवायला वर आली. काकू जमिनीवर पडल्या होत्या. दाराकडे तोंड करून.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

"कोणी जवळ असतं तर?" ताईने विचारलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "कदाचित."

त्या एका शब्दाने तिला पोखरलं.

मुलगी सामान न्यायला आली. आईचे कपडे घड्या घालून बॅगेत भरता भरता तिने विचारलं, "सकाळी आई काही बोलली का?"

ताईच्या तोंडून निघून गेलं, "मी उठवलं होतं त्यांना. म्हणाल्या, तू हो पुढे."

"हो," मुलगी एवढंच म्हणाली.

त्यानंतर ताईला जेवण जाईना. हॉलमध्ये तिच्या उजवीकडची जागा रिकामी राहायची. तिथे कोणी मॅट टाकत नसे. शवासनात सगळे डोळे मिटून निपचित पडले की त्या बाजूने...

श्वास ऐकू यायचा. जड, झोपेतला.

आपल्याच मनाचे खेळ, ती स्वतःला समजवायची.

मग एके दिवशी नेहमीच्या बाई सुट्टीवर गेल्या. त्यांच्या जागी दुसरे सर आले. त्यांनी काकूंना कधी पाहिलं नव्हतं. भर उजेडात वर्ग चालला होता. शवासन झालं. "सावकाश कुशीवर वळा आणि उठून बसा," सर म्हणाले. सगळे बसले.

सरांनी ताईकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले...

"शेजारच्यांना उठवा. झोप लागलीये त्यांना."

उजवीकडे नुसती जमीन होती.

"सर, तिथे कोणी नाहीये," मागून कोणीतरी म्हणालं.

 वर्ग संपेपर्यंत सरांनी त्या बाजूला मान वळवली नाही.

ताईने हात लांब करून जमिनीला लावला. लाकूड गार असायला हवं होतं.

कोमट होतं. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखं.

त्याच दुपारी तिने मुलीला फोन लावला. रडत रडत सगळं सांगून टाकलं. "मी खोटं बोलले. मी उठवलंच नाही. तशीच टाकून गेले त्यांना."



"असं का म्हणता?" मुलगी म्हणाली. "मी त्या सकाळी आईला फोन केला होता. उजाडल्यावर, कामावर निघताना. रिंग वाजली तेव्हाच जागी झाली बहुतेक. बोलता बोलता म्हणाली, ठेवते आता, ती उठवायला आलीये. दारात उभी आहे."



उजाडलं तेव्हा ताई खाली हॉलमध्ये होती. बंद दाराच्या आत, सगळ्यांमध्ये.

"हसत होती आई," मुलगी म्हणाली. "म्हणाली, आज बघ कशी गप्प उभी आहे, घाई करत नाहीये."

ताई कोर्स अर्धवट टाकून परत आली.

मुलीला अजूनही वाटतं, ताई दुःखात काहीबाही बोलते. ती अधूनमधून फोन करते, आभार मानते. शेवटी आई एकटी नव्हती, म्हणून.

ताई ऐकून घेते. "नाही" म्हणायचं बळ आता तिच्यात उरलेलं नाही.

परवा माझ्याकडे आली होती. चहा तसाच गार झाला. मग तिने मला विचारलं, "मी त्यांना सोबत घेऊन गेले असते... तर ते आलं असतं का रे दारात?"

 मी उठून दिवा लावला.