भरलेले रकाने

त्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत चाळीस लाख माणसं आजारी पडून बरी झाली होती, सव्वा लाख मेली होती, आणि परिचर्या मंडळाच्या सभागृहात अजून चहासुद्धा आला नव्हता.

यातलं एकही माणूस खरं नव्हतं. ती सगळी प्रतिरुग्णालयातली होती. प्रतिरुग्णालय म्हणजे संगणकात उभं केलेलं रुग्णालय. त्यात खाटा होत्या, रोगी होते, परिचारिका होत्या, आणि तिथला दिवस आपल्या एका सेकंदात उलटत असे. लहान मुलं भातुकली मांडतात तेव्हा घरात जे पाहिलं तेच मांडतात. आई पोळ्या करताना गुणगुणत असेल तर बाहुलीही गुणगुणते. जे मुलानं पाहिलंच नाही, ते भातुकलीत येत नाही. प्रतिरुग्णालयानं वीस वर्षांतले प्रांतातल्या सगळ्या वॉर्डांचे तक्ते पाहिले होते आणि त्यावरून आपली भातुकली मांडली होती.

परिचर्या मंडळाचं काम नियम ठरवण्याचं. परिचारिकेनं कोणतं इंजेक्शन स्वतःच्या अखत्यारीत द्यावं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला किती वेळानं कुशीवर वळवावं, एकीच्या अंगावर किती रोगी टाकावेत. अशा प्रत्येक नियमाला ‘मानक’ म्हणत. पूर्वी एकेका मानकावर मंडळात दोन-दोन वर्षं भांडणं चालत. आता नवं मानक आधी प्रतिरुग्णालयात लावून बघायचं. माणसं कमी मेली तर मंजूर, जास्त मेली तर रद्द. एका परिचारिकेला किती खाटा झेपतील, असले आकडेही यंत्रच काढून देई.

पडद्यावर मानक क्रमांक एक्केचाळीस उमटलं. रूथ भिंगारदिवे यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अठ्ठेचाळीस खाटांना एक परिचारिका. वॉर्डात नातेवाइकांना पूर्ण मज्जाव.

रूथबाईंची एकतीस वर्षं वॉर्डात गेली होती. मंडळावरच्या अकरा सभासदांत रोज रोग्याला हात लावणाऱ्या त्या एकट्याच.

“अठ्ठेचाळीस?” त्या म्हणाल्या. “तांबोळी साहेब, एखादा आकडा जास्त पडला नाही ना?”

मिहीर तांबोळी हा प्रतिरुग्णालय बांधणारा शास्त्रज्ञ. पस्तिशीतला, सरळ मनाचा. तो हसला. “नाही मॅडम. जिथे वीस खाटांना एक परिचारिका होती आणि जिथे अठ्ठेचाळीसला एक होती, तिथल्या कामात फरकच नाही. रोग्याला दर दोन तासांनी वळवलं, कातडी शाबूत आहे, औषध वेळेवर दिलं. दोन्हीकडे सगळे रकाने भरलेले. मग जादा परिचारिकांचा उपयोग काय?”

“आणि नातेवाईक?”

“त्यांच्यामुळे जंतुसंसर्ग वाढतो, हे फाटकावरच्या पासांवरून कळतं. फायदा मात्र एकाही तक्त्यात सापडत नाही.”

अध्यक्षा देवयानी राजेशिर्के यांनी पेनाचं टोपण लावलं. “हरकत असेल तर पुरावा आणा, भिंगारदिवे. ‘मला वाटतं’ हे आता चालायचं नाही. एक आठवडा देते.”

पुरावा रूथबाईंकडे होता. तो काय होता, हेच सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या मिहीरला घेऊन कातळगावच्या रुग्णालयात गेल्या. तिथल्या पुरुष वॉर्डात अठ्ठेचाळीस खाटा होत्या. परिचारिकांच्या बाकीच्या जागा रिकाम्याच राहिल्यामुळे सकाळच्या पाळीला एकटी योगिता गवारे होती. योगिता रूथबाईंच्याच हाताखाली शिकलेली. ती तिसऱ्या रांगेत सलाइन लावत होती आणि तिथूनच ओरडली, “मॅडम, बसा म्हटलं असतं, पण खुर्ची चौदा नंबरच्या सुनेनं नेलीय!”

खिडकीजवळ लकवा मारलेला एक म्हातारा होता. त्याची बायको गोदाबाई घोडे पदर खोचून त्याला कुशीवर वळवत होती. तिनं मिहीरकडे पाहिलं.

“ओ साहेब, उभं काय राह्यलाय पाहुण्यावानी? उशी सारा की पाठीमागं!”

मिहीरनं घाईघाईनं उशी सरकवली.

“अशी नाही, आडवी. शिकलेलं दिसताय की तुम्ही!” गोदाबाईंनी नवऱ्याचा पाय नीट ठेवला. “दर दोन तासाला वळवायचं, सिस्टरनी दाखवलंय. हे लई खूश आहेत. चाळीस वर्षांत एवढी सेवा केली नव्हती मी.”

म्हातारा तोंडाच्या एका बाजूनं हसला.

“रोज तुम्हीच वळवता?” मिहीरनं विचारलं.

“मग कोण? ती पोरगी? तिला दोनच हात हायेत.”

मिहीर वॉर्डभर फिरला. तेराव्या खाटेवर भाऊ, विसाव्यावर बायको, तेहेतिसाव्याला कुणीच नाही म्हणून शेजारच्या खाटेवरच्याचा मेहुणा. त्यानं रूथबाईंना विचारलं, “हे तक्त्यात कुठे लिहितात?”

“नातेवाइकांचा रकाना नाही तक्त्यात. मंडळानं कधी ठेवलाच नाही.”

“म्हणजे यंत्राच्या दृष्टीनं ही माणसं इथे आलीच नाहीत.”

“आली. जंतू म्हणून आली.”

दुपारी पावणेदोनला योगिता टेबलाशी बसली. तक्त्यांचा गठ्ठा पुढे ओढून तिनं आठ, दहा, बारा आणि दोन या चारही वेळांच्या रकान्यांत भराभर खुणा केल्या. कुशीवर वळवलं. कातडी शाबूत. सही. कुशीवर वळवलं. कातडी शाबूत. सही. हात चालत होता आणि तोंड रूथबाईंशी गावाकडच्या गप्पा मारत होतं. दोनही अजून वाजायचे होते.

मिहीर पाहत राहिला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाला, “ही खोटं लिहितेय.”

“गणित करा,” रूथबाई म्हणाल्या. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. “अठ्ठेचाळिसांत अंथरुणाला खिळलेले किती? वीस. एकाला वळवून पाठ बघायला किती वेळ? सात मिनिटं. वीस साते?”

“एकशेचाळीस.”

“आणि दोन तासांत मिनिटं किती? एकशेवीस. पहिली फेरी संपायच्या आत दुसरीची वेळ होते. अजून इंजेक्शनं दिली नाहीत, सलाइन बदललं नाही, कुणाला पाणी पाजलं नाही. आता सांगा, तिनं काय लिहावं?”

“रकाना रिकामा ठेवावा.”

“रिकामा रकाना सापडला की मेमो मिळतो. वर्षात तीन मेमोंना निलंबन. पाठीला जखम झाली असं लिहिलं तर चौकशी, आणि चौकशीत पहिला प्रश्न, तुम्ही कुठे होता? म्हणून मी एकेका बॅचला सांगितलं, पोरींनो, रकाना मोकळा सोडू नका. मीच सांगितलं. वाटलं, कागदच आहे, कागदाला काय कळतंय. पुढे त्याच कागदावरून कुणी माणसं मोजेल, हे डोक्यात आलं नाही.”

मिहीरनं दारातून योगिताच्या टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाला, “हे मंडळाला सांगा. नोंदी खोट्या आहेत हे सिद्ध झालं तर मानक टिकणारच नाही.”

“खोट्या नोंदीला काय शिक्षा आहे, ठाऊक आहे?”

“नाही.”

“नोंदणीपटावरून नाव कायमचं कमी. मानक क्रमांक तीन. त्यावर माझीच सही आहे.”

प्रांतात बासष्ट हजार परिचारिका होत्या. रूथबाईंना एकही अशी आठवेना, जिनं पाळी संपताना चार रकाने एका बैठकीत भरले नव्हते. बोलावं तर ह्या सगळ्यांवर गदा. न बोलावं तर गोदाबाई फाटकाबाहेर आणि तिचा म्हातारा दिवसभर एकाच कुशीवर.

त्यांनी योगिताला विचारलं, माझ्याबरोबर जबाबावर सही करशील का. योगितानं हात पुसायचा टॉवेल खाली ठेवला नाही.

“मॅडम, लेक दुसरीत आहे. ह्या नोकरीवर घर आहे. आणि खरं सांगू? शिकवलंत तुम्हीच.”

“हो,” रूथबाई म्हणाल्या. “ते बरोबर आहे.”

आठवड्यानं मंडळ बसलं तेव्हा त्या एकट्याच उभ्या राहिल्या. कुणाचं नाव घेतलं नाही, वॉर्डाचंही नाही. “मी एकतीस वर्षं न केलेलं काम केलं म्हणून लिहिलं. वळवलं ते नातेवाइकांनी. त्यांना बाहेर काढलंत तर वळवायला कुणी नाही. माणसं पाठीवर कुजतील. माझ्या सह्या तपासा.”

सभागृहात कुणीतरी खोकलं. राजेशिर्केबाईंचा आवाज खरोखरच हळवा झाला. “रूथ, हे तुम्ही बोलायला नको होतं. आता मला नियमाप्रमाणे जावं लागणार.”

नियमाप्रमाणे त्याच दुपारी रूथ भिंगारदिवे हे नाव नोंदणीपटावरून कमी झालं. बिल्ला टेबलावर ठेवताना टाचणी अडकली. शिपायानं ती सोडवून दिली. मग मिहीरनं प्रतिरुग्णालय पुन्हा चालवलं. रूथबाई जायला निघाल्या होत्या, पण खाटांचा नवा आकडा पाहायला दाराशी थांबल्या.

पडद्यावर आला, एक्कावन्न.

“हे कसं?” त्या म्हणाल्या. “वाढला?”

मिहीरचा चेहरा उतरला होता. तो त्यांच्याजवळ आला आणि हलक्या आवाजात बोलू लागला. “नियम असा आहे मॅडम, की ज्याची एक नोंद खोटी ठरली त्याच्या सगळ्या नोंदी बाद. खोटारड्याकडून यंत्रानं काही शिकू नये म्हणून. शास्त्रात हे योग्यच मानतात. तुमचे सगळे तक्ते काढले. पण तुम्ही…” तो अडखळला. “तुम्ही मधूनमधून खरं लिहिलं होतं. शंभरात दहा वेळा रकाना रिकामा. दोनशे चार ठिकाणी पाठीला जखम. मेमो खाल्ले असतील तुम्ही.”

“सत्तावीस.”

“एका परिचारिकेला सगळं जमत नाही, याचा जो थोडासा पुरावा यंत्राकडे होता, त्यातला मोठा भाग तुमचा होता. तो गेला. उरले ते स्वच्छ तक्ते.”

रूथबाईंनी दाराची चौकट धरली. “म्हणजे जी खरं बोलेल, तिचं खरंही पुसलं जाणार. आणि जी गप्प राहील, तिचं खोटं शिल्लक.”

“हो.”

“आजपासून खरं लिहायला लागलं तर?”

“एका वॉर्डानं लिहिलं तर तो वॉर्ड कामचुकार ठरेल. बाकीच्यांना तेवढ्याच संख्येत जमतंय ना. अर्ध्याहून जास्त जणींनी एकाच वेळी लिहिलं तरच यंत्र उलटा विचार करील. एकतीस हजारांच्या वर.”

“तुम्ही सांगा ना राजेशिर्केबाईंना. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत.”

“सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही एक वॉर्ड पाहिलात, यंत्रानं चार हजार पाहिलेत.’” तो थांबला. “मीच हे वाक्य त्यांना शिकवलंय.”

मानक एक्केचाळीस एक्कावन्न खाटांसह मंजूर झालं.

तीन महिन्यांनी, दुपारी बाराच्या सुमारास, रूथबाई घरी मेथी निवडत बसल्या होत्या तेव्हा योगिताचा फोन आला. आवाज उत्साहानं कापत होता.

“मॅडम, चौतीस! चौतीस जणी तयार झाल्यात सही करायला. कातळगावच्या सगळ्या, शिवाय तालुक्याच्या. गोदाबाईंचा म्हातारा गेला परवा. पाठीत एवढा खड्डा होता, मूठ जाईल. मज्जाव लागू झाल्यापासून ती फाटकाबाहेर बसून होती, बावीस दिवस. तक्त्यात कातडी शाबूत. माझीच सही. आता नाही लिहिणार मी, मॅडम. तुम्ही केलंत तसं करणार.”

रूथबाईंच्या हातातली जुडी मांडीवर पडली. चौतीस. अशी हिंमत करणाऱ्या चौतीस जणींनीही कधीमधी खरं लिहिलं असणार. त्या गेल्या की तेही जाणार. खाटांचा आकडा साठावर जाईल आणि कातळगावला सलाइन लावायलाही कुणी उरणार नाही.

“योगिता, सही करू नका.”

“काय?”

“चौतीस कमी आहेत गं. एकतीस हजार लागतात.” त्यांनी सगळं समजावून सांगितलं. नीट, सावकाश, जसं त्या नेहमी शिकवत.

मग योगिता म्हणाली, “म्हणजे मी खरं बोलले तर इथली आणखी माणसं मरणार. आणि न बोलले तर ही मरतायत ती माझ्या सहीनं.”

“हो.”

“तुम्ही बोलून मोकळ्या झालात, मॅडम. आम्हाला तेवढंही नाही?”

“योगिता?” रूथबाईंनी हाक मारली. योगितानं फोन बंद केला नव्हता. टेबलावर तसाच ठेवला असावा. लांबून वॉर्ड ऐकू येत होता. कुणीतरी म्हातारा हाक मारत होता, “सिस्टर, जरा वळवता का?” दुसरीकडून चपलांचा आवाज धावत गेला, तो भलत्याच दिशेला. हाक पुन्हा आली. पुन्हा आली. चौथ्यांदा ती अर्ध्यावरच थांबली. रूथबाई फोन कानाला लावून पाचव्या हाकेची वाट पाहत बसल्या.