कर्नलच्या मागचा माणूस

व्हर्जिनियाच्या दमट हवेत तैलरंग लवकर वाळत नाही, म्हणून चित्रकार लॅथ्रॉपचा कर्नल टॉलिव्हरांच्या घरचा मुक्काम लांबला होता. चित्र तसं पुरं झालं होतं. कर्नल उभे, उजवा हात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर. मागे त्यांची टोपी धरून त्यांचा गुलाम क्वाको, अंगात विटका निळा लष्करी कोट.

कोट क्वाकोचा स्वतःचा होता. कर्नलांच्या मुलाऐवजी तो इंग्रजांशी लढायला गेला होता, परत आल्यावर मोकळं करू या बोलीवर. लढाई संपली, देश मोकळा झाला, आणि कर्नल म्हणू लागले की हा कधी गेलाच नव्हता. सोमवारी क्वाकोच्या सुटकेच्या दाव्याची कोर्टात सुनावणी होती. त्याआधीच तो कोट चुलीपाशी वाळत घातलेला असताना जळाला. कसा, ते कोणी सांगेना.

क्वाको लॅथ्रॉपच्या दारातच उभा राहिला. "साहेब, आता तुमच्या चित्रातला कोट तेवढा उरलाय. कोर्टात दाखवाल ना?"

लॅथ्रॉपने होकाराची मान हलवली. तो उत्तरेकडचा, गुलामगिरीचा त्याला मनापासून तिटकारा होता.

दुपारी कर्नल चित्रापुढे थांबले. "गर्दी झालीय हो यात. स्वातंत्र्याला जरा हवा लागू द्या. मागे एखादा लाल पडदा टाका." मग आपापली चित्रं काढून घ्यायला उत्सुक असलेल्या शेजारच्या जमीनदारांची नावं त्यांनी सहज घेतली.

शनिवारी सकाळी लॅथ्रॉपने लाल रंग घोटला. अंगणात क्वाको लाकडं फोडत होता, घाव नेमाने ऐकू येत होते. आधी टोपी झाकली, मग बटणं. कोट गेला तेव्हा घाव विरळ झाले. चेहऱ्यावरून कुंचला फिरला आणि अंगण गप्प झालं.

त्याने खिडकीतून पाहिलं. कुऱ्हाड ओंडक्यात रुतलेली होती. जवळ कोणी नव्हतं.

जेवताना त्याने विचारलं, क्वाको कुठे गेला.

कर्नलांनी सुरी खाली ठेवली. "कोण?"

चेहरे वाचण्यावर लॅथ्रॉपचं पोट होतं. खोटं बोलताना माणसाच्या डोळ्यांखाली काय हलतं, ते त्याला ठाऊक होतं. तिथे काहीच हललं नाही.

तो वर धावला. पडदा ओलाच होता. त्याने रंग सुरीने खरवडला. खाली वाळलेला निळा लागायला हवा होता.

खाली कोरं कापड होतं.

स्वयंपाकघरात क्वाकोची बायको फिबा मक्याचं पीठ मळत होती. शेजारी टोपलीत तान्ही मुलगी.

"फिबा, क्वाको कुठाय? तुझा नवरा?"

"गरिबाची थट्टा करता होय साहेब? मला कुठला नवरा?"

"मग ही कोणाची?"

तिचे हात थांबले. तिने टोपलीकडे पाहिलं. पायाने तिने टोपली हळूच जवळ ओढली.

लॅथ्रॉप वाकला. कपाळ आईचं, डोळे आईचे. जिवणी आणि हनुवटी आईची नव्हती. ती कोणासारखी आहे, ते तो आठवत राहिला.

"साहेब," फिबा दबक्या आवाजात म्हणाली, "मघाशी तुम्ही नाव काय घेतलंत?"

लॅथ्रॉपने तोंड उघडलं.

पिठाचे हात तसेच धरून ती वाट बघत राहिली.